फ्लाइंग स्कॉट्समनचं मॉडेल पुन्हा पुन्हा अडखळतंय: दोष रुळात, चाकात की टेंडरच्या जोडात?

लक्षण बहुधा ठरलेलं असतं. फ्लाइंग स्कॉट्समन या प्रसिद्ध ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं ४४७२ क्रमांकाचं, विजेवर चालणारं हिरवं मॉडेल रुळावर ठेवलं की वेगात झकास पळतं. वेग कमी केला की आचके देतं, सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, थांबतं आणि बोटाने हलकेच ढकललं की परत निघतं. रूळ पुसले की दोन दिवस बरं चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

पुसल्यावर बरं वाटतं म्हणून दोष मळाचाच, असा निष्कर्ष निघतो आणि तिथेच गाडं अडतं. कंट्रोलरपासून मोटरपर्यंत वीज सात-आठ जोडांतून जाते: वायर, रूळजोड पट्टी, रूळ, चाक, चाकाला टेकणारी धातूची पट्टी, इंजिन आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) यांच्यातला दुवा, मोटरचे कार्बन ब्रश. यातला एक जोड कायमचा कमकुवत असेल, तर बाकीचे लखलखीत असेपर्यंत गाडी कशीबशी चालते. बाकीचे जरा मळले की तोच जोड तिला थांबवतो. पुसण्याने तो दुरुस्त होत नाही, फक्त झाकला जातो. म्हणून पहिली सूचना: दोष सापडेपर्यंत काहीही पुसू नका.

इथली मापं ओओ गेजची आहेत, म्हणजे १:७६ प्रमाण आणि १६.५ मिमी रूळ. उदाहरण फ्लाइंग स्कॉट्समनचं आहे, पण अभियंता ग्रेस्लीच्या ए३ वर्गातल्या कुठल्याही इंजिनाला आणि बऱ्याच अंशी त्याच्याच मॅलार्ड इंजिनालाही हीच पद्धत लागू पडते.

आधी पाहा, मग हात लावा

सरळ रुळाचा एक मीटर मोजून दोन टोकांना कागदी चिकटपट्टी लावा. इंजिन एकटंच ठेवा, डबे नकोत. हे अंतर २० सेकंदांत कापलं जाईल असा वेग लावा. प्रमाणात बघितलं तर हा खऱ्या इंजिनाचा ताशी साडेआठ मैलांच्या आसपासचा वेग होतो. दोष याच वेगाला दिसतो. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी खऱ्या फ्लाइंग स्कॉट्समनने ताशी १०० मैलांची नोंद केली. मॉडेलवर तो वेग सेकंदाला सुमारे ५९ सेंमी होतो. त्या वेगात फिरत्या वजनाच्या जोरावर गाडी मेलेल्या जागांवरून सरकून जाते आणि काहीच कळत नाही.

आता पूर्ण मार्गावर त्याच संथ वेगाने पाच फेऱ्या मारा. गाडी जिथे अडखळेल तिथे रुळाशेजारी खडूची खूण करा. नंतर इंजिन उलट तोंडाने ठेवून आणखी पाच फेऱ्या. खुणा कशा पडल्या ते बघा.

एकाच ठिकाणी झुंबड असेल तर दोष रुळात आहे. दर ठरावीक अंतराने आचका बसत असेल तर तो फिरणाऱ्या भागात आहे. सुरुवातीला बरं चालून दहा-पंधरा मिनिटांनी गाडी मंदावत असेल तर मोटर तापते आहे. खुणा कुठेही, कशाही विखुरल्या असतील तर वीज उचलणारे भाग किंवा टेंडरचा जोड. उलट तोंडाने ठेवल्यावर खुणांच्या जागा बदलल्या, तर इंजिनाची एक बाजू दुसरीपेक्षा कमी वीज उचलते आहे. हा धागा फार मोलाचा आहे, तो वहीत लिहून ठेवा.

ठरावीक अंतराचा आचका

खऱ्या इंजिनाचं मोठं चाक ६ फूट ८ इंच व्यासाचं आहे. ओओमध्ये ते २६.७ मिमी होतं आणि त्याचा परीघ सुमारे ८४ मिमी. टेंडरचं चाक ४ फूट २ इंच, म्हणजे मॉडेलवर १६.७ मिमी आणि परीघ ५२ मिमी. पुढच्या बोगीचं चाक ३ फूट २ इंच, परीघ जेमतेम ४० मिमी. मॉडेलची चाकं पुष्कळदा प्रमाणापेक्षा किंचित लहान असतात, तेव्हा कॅलिपरने स्वतःच्या मॉडेलचं चाक मोजा आणि ३.१४ ने गुणा.

दर ८४ मिमीला आचका असेल तर मोठ्या चाकांची जोडणी तपासायची. दर ५२ मिमीला असेल तर टेंडर. दहा आचक्यांचं एकूण अंतर मोजून दहाने भागा, म्हणजे मोजमापातली चूक कमी होते.

मोठ्या चाकांच्या बाबतीत तीन कारणं नेहमीची. पहिलं, कपलिंग रॉड (मोठी चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) वाकलेला. इंजिन बाजूंनी पकडून उचललं की हे हमखास होतं. रॉड सुटा करून काचेवर ठेवा, मधे प्रकाश दिसला तर तो वाकला आहे. दुसरं, आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तडकलेलं. तडा गेला की दोन दात्यांमधली जागा रुंदावते आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘टक’ आवाज येतो. डिंकाने किंवा फेविक्विकने ते टिकत नाही, नवंच घ्यावं लागतं. तिसरं, एखादं चाक आसावर फिरून कोन बिघडलेला. खऱ्या ए३ ला तीन सिलिंडर आहेत आणि त्यांचे क्रँक १२० अंशांवर. मॉडेलमध्ये डावी-उजवी बाजू साधारण ९० अंशांवर ठेवतात. इथे ९० हा आकडा पवित्र नाही. तिन्ही आसांवर कोन अगदी सारखा असणं महत्त्वाचं. एका आसावर दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी रॉड फेऱ्यात दोनदा अडतात.

चाक मोकळं फिरतं का ते पाहायला तळाची झाकणपट्टी काढून आस गिअरपासून उचलावे लागतात. मोटर इंजिनात असलेल्या मॉडेलांत वर्मगिअर (स्क्रूच्या आट्यांसारखा गिअर) असतो, त्यामुळे चाक बाहेरून हाताने फिरवायचा प्रयत्न करू नका. वर्म उलट फिरत नाही, दाते मात्र तुटतात. झाकणपट्टीवरच वीज उचलणाऱ्या पट्ट्या आणि त्यांच्या बारीक वायरी असतात. ती सरळ ओढली की वायर तुटते. एका बाजूने उघडा, फोटो काढा, मग पुढे जा.

एक कारण असं आहे की त्यावर इलाज नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर साचा वर्षानुवर्षं आतून फुगतो आणि भेगाळतो. चासी लांबते, आस बेअरिंगमध्ये आवळले जातात आणि इंजिन दर फेऱ्याला कुंथतं. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या किंवा ओतीव भाग वाकलेला दिसला, तर ब्रश आणि पट्ट्यांवर वेळ घालवू नका. बदली चासी शोधा.

टेंडरचा जोड: सर्वांत जास्त इथेच

१ मे १९२८ रोजी लंडन ते एडिंबरा ३९२ मैल न थांबता धावण्याची नियमित सेवा सुरू झाली, तेव्हा फ्लाइंग स्कॉट्समनला खास टेंडर दिलं होतं. त्यातून अरुंद बोळ काढला होता, म्हणजे धावत्या गाडीतच चालकांची जोडी बदलता यायची. खऱ्या इंजिनाला न थांबू देणारा भाग टेंडर होता. मॉडेल थांबतं तेही बहुतेक वेळा टेंडरपाशीच.

मोटर कुठे आहे ते आधी बघा. इंजिन उलटं करा. टेंडरच्या चाकांवर रबरी पट्टे आणि दाते दिसले तर मोटर टेंडरमध्ये. हॉर्नबी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या आवृत्त्यांत अशी रिंगफील्ड मोटर असते. टेंडरची चाकं मोकळी फिरत असतील आणि मोठ्या चाकांमध्ये गिअर दिसत असेल तर मोटर इंजिनात. नव्या मॉडेलांत साधारण असंच असतं.

जुन्या रचनेत इंजिन एका रुळावरची वीज उचलतं आणि टेंडर दुसऱ्या. दोघांमधला ड्रॉबार म्हणजे ओढणारा दांडाही आणि विजेची एकुलती वायरही. ड्रॉबारचं भोक पिनेवर सैल बसतं, वळणावर हलतं, तिथे ठिणग्या पडतात आणि काळा थर साचतो. शिवाय टेंडरच्या रबरी पट्टे असलेल्या चाकांकडून वीज येतच नाही, कारण रबर विजेला अडवतं. उरलेल्या दोन-तीन चाकांवर सगळा भार. आणि इंजिनात मोटर नसल्याने ते हलकं असतं, चाकं रुळावर नीट दबत नाहीत.

मल्टिमीटर २०० ओहमवर लावा. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा, तो नंतर वजा करायचा. मग इंजिनाच्या एका चाकाच्या कडेवर एक टोक आणि मोटरच्या त्या बाजूच्या जोडावर दुसरं. १ ओहमच्या आत आकडा आला तर ठीक. आता चाक बोटाने डावी-उजवीकडे अर्धा मिलिमीटर हलवा. आकडा उडाला की त्या चाकाची पट्टी सुटते आहे. असं प्रत्येक चाक स्वतंत्र तपासा, कारण एक चांगलं चाक बाकीच्या तीन मेलेल्या चाकांना लपवतं. शेवटी ड्रॉबारच्या दोन बाजूंवर टोकं ठेवून ड्रॉबार हलवा. इथे आकडा १० किंवा २० ओहमपर्यंत नाचला, तर शोध संपला.

मॉडेलमध्ये डीसीसी डिकोडर (डिजिटल नियंत्रणाची चिप) असेल तर तो काढून ब्लँकिंग प्लग (डिकोडरच्या जागी वीज थेट मोटरकडे नेणारा प्लग) बसवल्याशिवाय ही मोजणी करू नका. डिकोडरमधून मोजलेल्या ओहमला काही अर्थ नसतो.

ड्रॉबारची पिन आणि भोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबराने घासा. एवढ्याने दोन-तीन महिने जातील. कायमचा इलाज म्हणजे ड्रॉबारला समांतर मऊ वायर टाकणं. डिकोडरची वायर मिळते तेवढी बारीक, साधारण ३० गेजची घ्या. लांबी ५ ते ६ सेंमी. इंजिनाच्या बाजूला ड्रॉबारच्या पिनेशी जोडलेल्या धातूच्या पट्टीवर डाग द्या (सोल्डर करा), टेंडरमध्ये मोटरकडे जाणाऱ्या जोडावर. मधे दोन पिनांचा सूक्ष्म प्लग घातला तर इंजिन आणि टेंडर पुढेमागे वेगळे करता येतात. डाग देण्याआधी मल्टिमीटरने खात्री करा की वायर खरोखर त्याच विजेच्या बाजूला जोडली जाते आहे. चुकीच्या बाजूला लागली तर थेट शॉर्ट होईल. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं आणि काम दोन सेकंदांत आटोपायला हवं, शेजारचं प्लॅस्टिक फार लवकर मऊ होतं.

वायरला सैल वळसा ठेवा आणि गाडी दुसऱ्या त्रिज्येच्या, म्हणजे ४३८ मिमीच्या वळणावर दोन्ही दिशांना हाताने ढकलून पाहा. वायर ताणली तर टेंडरचं पुढचं चाक उचललं जातं आणि एक दोष जाऊन दुसरा येतो. ३७१ मिमीची पहिली त्रिज्या ए३ सारख्या लांब इंजिनाला देऊच नये.

नव्या मॉडेलांत दोघांमध्ये बारीक वायरींचा प्लग असतो. तिथे दोष वेगळा: प्लग अर्धवट बसतो, किंवा उघडझाक करून वायर मुळाशीच तुटते. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं, आतला तांब्याचा तार तुटलेला असतो. वायर हळूच वाकवत मल्टिमीटर बघितला की कळतं. प्लग वायरीला धरून कधीही ओढू नका. चिमट्याने प्लगच्याच अंगाला धरा.

हलक्या इंजिनाला वजन द्यायचं असेल तर बॉयलरमध्ये, मोठ्या चाकांच्या बरोबर वर, ३० ते ४० ग्रॅम पुरे. मासेमारीच्या गळाला लावायचे शिशाचे तुकडे चालतात. ते इपॉक्सीनेच बसवा. पांढऱ्या लाकडी गोंदाने शिशाचे छर्रे बसवणं ही घातक चूक आहे: त्या गोंदामुळे शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांनी बॉयलर आतून फाटतो. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

चाकाला टेकणाऱ्या पट्ट्या

फॉस्फर ब्राँझच्या या पट्ट्या चाकाच्या पाठीमागे टेकतात. त्यांच्या टोकाशी काळी रेघ साचते. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी चाक आणि पट्टीमध्ये सरकवा, पट्टी हलकेच दाबा आणि कागद ओढून काढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत करा. पट्टी चाकापासून दूर गेली असेल तर तिला अर्धा ते एक मिलिमीटर बाहेर वाकवा. त्याहून जास्त दाब दिला की ती ब्रेकसारखं काम करते. टेंडर-ड्राइव्ह, म्हणजे टेंडरमध्ये मोटर असलेल्या मॉडेलात याचा मोठा त्रास होतो, कारण तिथे इंजिनाची चाकं नुसती ढकलली जातात. पट्टी घट्ट झाली की ती फिरायची थांबतात आणि रुळावर घसरत जातात. पाच मीटर चालवून चाकं खरंच फिरतात का ते बाजूने बघा.

वॉलशार्ट्स व्हॉल्व्ह गिअरचे, म्हणजे चाकांबाहेर हलणाऱ्या बारीक दांड्यांचे, खिळे सुकले असतील तर तोच परिणाम होतो. शिवणयंत्राचं हलकं तेल टाचणीच्या टोकावर घेऊन प्रत्येक सांध्याला स्पर्श करायचा, एवढंच. थेंब नको. खोबरेल तेल तर मुळीच नको: ते २४ अंशांच्या खाली गोठतं आणि हवेवर चिकट होतं.

चाकं आणि रबरी पट्टे

चाकाच्या कडेवरचा काळा थर नुसती धूळ नसतो. धूळ, तेल आणि ठिणग्यांनी भाजलेला धातू यांचं ते मिश्रण असतं. जिथे संपर्क खराब तिथे ठिणगी जास्त, आणि ठिणगी जास्त तिथे थर जास्त.

मोटर इंजिनात असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला टिश्यूपेपर रुळावर पसरा, इंजिनाची निम्मी चाकं कागदावर आणि निम्मी उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हाताने धरून अर्ध्या वेगाने दहा सेकंद चालवा. मग फिरवून दुसरी बाजू. टेंडर-ड्राइव्हला ही युक्ती चालत नाही, कारण टेंडर कागदावर गेलं की त्याच्या बाजूची वीजच तुटते. तिथे ९ व्होल्टच्या बॅटरीवरून मगरचिमट्यांनी थेट मोटरला वीज द्या आणि फिरत्या चाकावर कापसाची काडी धरा. रिंगफील्डचे गिअर सरळ दात्यांचे असल्याने चाकं हातानेही हळू फिरवता येतात. बॅटरी लावण्याआधी डिकोडर काढलेला असलाच पाहिजे.

रबरी पट्टा कडक झाला असेल, चकाकत असेल किंवा बोटाने सरकत असेल तर बदला. चाकाच्या खाचेचा व्यास मोजून त्या मापाचाच मागवा. मोठा घेतला की तो चाकाबाहेर फुगतो आणि दर ५२ मिमीला उडी बसते. पट्ट्याला अल्कोहोल लावू नका, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा.

पॉलिश पेपर, लोखंडी घासणी, नखपॉलिश काढायचं द्रव आणि पेट्रोल या चार गोष्टी टेबलावरही ठेवू नका. पहिल्या दोहोंचे ओरखडे मळ धरून ठेवतात आणि घासणीचे लोखंडी कण मोटरचं चुंबक ओढून घेतं. उरलेली दोन रंग आणि प्लॅस्टिक खातात.

एकाच ठिकाणी थांबत असेल तर

खडूच्या खुणा सांध्यावर असतील तर तीन शक्यता. एक, सांध्याच्या मधल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर वीज नाही. फ्लाइंग स्कॉट्समनच्या मोठ्या चाकांमधलं टोकाचं अंतर मॉडेलवर ५८ मिमी भरतं, त्यामुळे सगळी मोठी चाकं वीज उचलत असतील तर हा तुकडा सहज ओलांडला जातो. म्हणजे इंजिन इथे थांबत असेल तर दोष सांध्याचा कमी आणि इंजिनाच्या मेलेल्या चाकांचा जास्त. वर सांगितलेली मोजणी आधी करा, मग सांधा बदला.

दोन, हलणारी पाती बाजूच्या रुळाला टेकून वीज घेतात आणि टेकण्याची जागा मळली आहे. भिजवलेला कागद पातं आणि रुळाच्या मधे धरून सांधा बंद-उघड करा.

तीन, इंजिन अडखळताना कंट्रोलरचा दिवा क्षणभर विझतो किंवा डीसीसी बंद पडून चालू होतं. हा वीज नसल्याचा नाही, शॉर्टचा प्रकार आहे. दोन विरुद्ध विजेचे रूळ जिथे व्ही आकारात जवळ येतात तिथे रुंद चाक एकाच वेळी दोन्हीला टेकतं. दोन्ही रुळांच्या टोकांवर ५ ते ६ मिमी लांबीचा पारदर्शक नखपॉलिशचा थर द्या. सहा-आठ महिन्यांनी तो झिजतो, पुन्हा द्या. याच्याही आधी चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ते १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी असेल तर चाक सांध्यात चढतं आणि पुढची बोगी घसरते.

खुणा सरळ रुळावर किंवा दूरच्या टोकाला असतील तर रूळजोड पट्ट्या सैल आहेत. गाडी चालू असताना कंट्रोलरपाशी आणि त्या जागी व्होल्टेज मोजा. एका व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर तिथे वेगळी वायर द्या. मोठ्या मार्गावर दर एक ते दीड मीटरला ०.५ स्क्वेअर मिमीची छोटी वायर रुळाला डागायची आणि ती टेबलाखालच्या दीड स्क्वेअर मिमीच्या मुख्य वायरला जोडायची. रूळजोड पट्टीवर वीज वाहून नेण्याची भिस्त ठेवू नये, ती फक्त रूळ सरळ धरण्यासाठी.

जुन्या संचातून आलेल्या रुळांना चुंबक लावून बघा. चिकटला तर रूळ पोलादी आहेत. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते काही आठवड्यांत गंजतात, रोज पुसूनही उपयोग नाही. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्या. नावात चांदी आहे, पण हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे आणि त्याच्यावरचा थर वीज फारशी अडवत नाही. शेवटचा हात म्हणून ६बी पेन्सिलीने रुळाच्या आतल्या कडेवर एक हलकी रेघ ओढता येते. चढावर मात्र ओढू नका, गाडी घसरेल.

तापून मंदावणं

मल्टिमीटर ॲम्पियरवर लावून कंट्रोलर आणि रुळाच्या मधे जोडा. इंजिन डब्यांशिवाय चालवताना नव्या मोटरला साधारण ०.१ ते ०.२५ ॲम्पियर लागतात, जुन्या रिंगफील्डला ०.३ ते ०.५. याहून जास्त लागत असेल तर चाकं आवळली आहेत किंवा मोटर मळली आहे. आधी गिअर मोकळे करून फक्त मोटर चालवा. आकडा खाली आला तर दोष चाकांकडे.

मोटर मळली असेल तर कम्युटेटरवर (ब्रश टेकतात त्या तांब्याच्या फिरत्या भागावर) अल्कोहोलची कापसाची काडी फिरवा आणि त्याच्या तीन किंवा पाच फटी लाकडी टूथपिकने साफ करा. फटीत साचलेली कार्बनची भुकटी शेजारच्या दोन भागांना जोडते आणि मोटर तापते. ब्रश झिजून २ ते ३ मिमीपेक्षा आखूड झाले असतील तर जोडीनेच बदला, स्प्रिंगही सोबत. काढताना ब्रश कोणत्या बाजूने कसा बसला होता त्याचा फोटो हवाच, त्याच दिशेने बसवला तर झिजलेला गोलावा जुळतो. तेल फक्त दोन टोकांच्या बेअरिंगला, टाचणीच्या टोकाएवढं. कम्युटेटरवर तेल गेलं की ब्रशची भुकटी चिखल होते. चुंबक विनाकारण सुटं करू नका. जुनी चुंबकं मोटरबाहेर काढली की त्यांचा जोर कमी होतो.

डीसीसी असेल तर आणखी दोन गोष्टी

इंजिन अडखळून अचानक पूर्ण वेगात सुटत असेल तर डिकोडरला क्षणभर साधा डीसी मिळाल्याचा भास होतो आहे. सीव्ही (डिकोडरमधलं क्रमांकाने ओळखलं जाणारं सेटिंग) २९ बघा. तिथे ६ असेल तर २ लिहा, म्हणजे डीसीवर चालण्याची मुभा बंद होते. लांब पत्ता वापरत असाल तर आकडा वेगळा असेल, त्यातून फक्त ४ वजा करा. सेटिंगचा गोंधळ झाला असेल तर बहुतेक डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळपदावर येतं, पत्ताही ३ होतो.

स्टे-अलाइव्ह कपॅसिटर लावून अर्ध्या सेकंदाची वीज साठवता येते. तो चांगला आहे, पण सगळ्यात शेवटी. दुवा तुटलेल्या इंजिनाला लावला तर दोष आणखी सहा महिने लपेल. आणि तो डिकोडरने मान्य केलेल्या जोडांवरच लावायचा, कुठेही नाही.

बंद करून ठेवताना

ब्रिटिश कंट्रोलर २३० व्होल्टचाच असतो, त्यामुळे आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. मात्र त्याचा तीन पिनी प्लग कापू नका. त्यात फ्यूज असतो, भारतीय प्लगमध्ये नसतो. अडॅप्टर वापरा.

जुन्या खोक्यातला फोम वर्षांनी चिकट होऊन रंगाला धरतो. आम्लरहित टिश्यूत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. गुंडाळताना बाजूच्या रॉडांना धरू नका. याच इंजिनाच्या नंतरच्या, ६०१०३ क्रमांकाच्या शेवटच्या ब्रिटिश रेल्वे रूपात चिमणीच्या दोन्ही बाजूंना धूरफलक असतात (खऱ्या इंजिनाला ते १९६१ मध्ये बसले), आणि मॉडेलमध्ये सगळ्यात आधी मोडतात ते हेच.

दुरुस्ती झाल्यावर बॉडी न बसवताच पहिली चाचणी घ्या: एक मीटर, २० सेकंद, पुढे दहा वेळा, मागे दहा वेळा, इंजिनाची दोन्ही तोंडं. मग बॉडी बसवून तीच चाचणी पुन्हा. उघड्या चासीवर पास झालेलं इंजिन बॉडी चढवल्यावर अडलं, तर वायर बॉडी आणि चासीच्या मधे चिमटली आहे, किंवा स्क्रू जास्त आवळल्याने चासी वाकून आस दाबले गेले आहेत. स्क्रू अर्धा फेरा सैल करून चालवून बघा. सुधारलं तर तो तिथेच राहू द्या.